ऐरोलीतलं पहाटे पाचला उघडणारं नाश्त्याचं हॉटेल: मिसळ मस्त, माणसं त्याहून मस्त

ऐरोली स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, सात टेबलं, भिंतीवर एक टीव्ही, बस एवढंच. रात्रपाळीवाल्यांसाठी पहाटे पाचला शटर वर जातं म्हणून आम्ही इथे यायला लागलो, तीन वर्षं झाली, पण रिव्ह्यू आत्ता लिहितोय कारण गेल्या ऑक्टोबरमध्ये या लोकांनी आमच्यासाठी जे केलं ते कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

आमची टीम अमेरिकन क्लायंटची, रात्रभर त्यांच्याशी बोलून बोलून चौघांना बेसबॉलचं वेड लागलंय. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे त्यांच्या सात मॅचपर्यंत चालणाऱ्या फायनलची, मॅच तिकडे रात्री आठला म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, शिफ्ट सुटली की मॅच सुरू. मालकदादांना विचारलं टीव्हीला लॅपटॉप जोडू का, तर म्हणाले जोडा की, सकाळी तशाही बातम्याच चालू असतात.

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, डॉजर्स आणि ब्लू जेज, तिसरी मॅच. नऊ इनिंगची मॅच, बरोबरी सुटेना म्हणून अठरा इनिंग चालली!! फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून संपवली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. आठ ते दहा इथे लोक हातात प्लेट घेऊन उभे राहून खातात आणि आम्ही चौघं टेबल अडवून बसलेलो, मलाच कसंतरी वाटलं म्हणून उठायला लागलो तर दादा म्हणाले, "बसा हो, निकाल लागल्याशिवाय कोणी उठतं का." शेवटी शेवटी ते स्वतःच झारा हातात घेऊन टीव्हीसमोर उभे, हा पोरगा कोण, दमत कसा नाही म्हणून विचारत होते. तो विल क्लाइन, डॉजर्सच्या बुलपेनमधला, म्हणजे मध्येच येणाऱ्या राखीव पिचरांमधला, अगदी शेवटचा माणूस, चार इनिंग, ७२ चेंडू, एकही रन नाही.

तिथून आमचा वाद पेटला की आजवरचा सगळ्यात भारी पिचिंग स्टाफ, म्हणजे आपल्या भाषेत बोलरांची फळी, कोणाची. एकाचा क्लायंट बाल्टिमोरचा, त्यामुळे तो १९७१ च्या ओरिओल्सवर ठाम. तिकडे मॅच जिंकल्याचं श्रेय एका पिचरच्या नावावर लागतं, तर मॅकनॅली २१ विजय, क्युएलार, पामर आणि डॉब्सन प्रत्येकी २०, एकाच टीमचे चार पिचर एकाच सीझनमध्ये, आज असं होणं शक्यच नाही कारण आता पिचरला तेवढ्या मॅच आणि तेवढ्या इनिंग देतच नाहीत. मान्य. पण तेव्हा रन मुळात कमीच निघायचे. मी नव्वदच्या दशकातल्या अटलांटा ब्रेव्हजचा, मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ. १९९१ ते ९८ या आठ वर्षांत साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरचं बक्षीस, सहा वेळा याच तिघांपैकी कोणाला तरी, ते पण ब्रेव्हजच्या जर्सीत. १९९५ मध्ये सगळे हिटर धो धो मारत असताना मॅडक्सने नऊ इनिंगमागे सरासरी १.६३ रन दिले, जोर नाही, नुसती अचूकता. वर्ल्ड सिरीज एकच जिंकले म्हणून त्यांना खाली ठेवणं मला पटत नाही, ओरिओल्सही ७१ ला पायरेट्सकडून सातव्या मॅचमध्ये हरलेच होते की.

दादांनी चहा ठेवता ठेवता विचारलं, मग आपले बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट? खरंय, पण ते चौघं मिळून एकच टेस्ट खेळले, १९६७ ला बर्मिंगहॅमला. आणि बेसबॉलमध्ये तर चार स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारे मुख्य पिचर, एका दिवशी दिसतच नाहीत, आज एक, उद्या दुसरा.

रविवारी, २ नोव्हेंबरला, सातव्या मॅचमध्ये नेमकं उलटं दिसलं. सुट्टी असून आम्ही साडेपाचला हजर. ओतानीने सुरुवात केली, मग मधल्या दोघातिघांसोबत ग्लासनाव आणि स्नेलही आले आणि शेवटी यामामोटो, ज्याने आदल्याच मॅचमध्ये ९६ चेंडू टाकले होते, तो परत येऊन अजून ३४ टाकतो आणि अकराव्या इनिंगला ५-४ ने मॅच काढतो. चारही स्टार्टर एका मॅचमध्ये! माझ्यासाठी दहा वर्षांचा हिशोब केला तर ब्रेव्हजच, पण एका सकाळपुरतं बोलायचं तर या चौघांच्या वर मी कोणालाच ठेवणार नाही. बाल्टिमोरवाला अजून मान्य करत नाहीये.

आता खाण्याचं. मिसळ घ्याच, मटकी शिजलेली पण अख्खी, रस्सा पातळ आणि झणझणीत, फरसाण वरून वेगळं देतात त्यामुळे मऊ पडत नाही, रस्सा परत मागितला तर पैसे लावत नाहीत. पहाटेचा पाव गरम असतो, नऊनंतर तो मऊपणा नाही. उपमा सपक आहे. चहा फार गोड, आधीच सांगा. एसी नाही, टॉयलेट नाही, स्टेशनला जावं लागतं, अठरा इनिंगला हा खरंच त्रास होतो. गाडी आणू नका.

त्या मंगळवारी साडेसहा तास बसलो तरी जे खाल्लं त्याचेच पैसे घेतले, वर देत होतो तर हात मागे घेतला. आणि २ नोव्हेंबरलाच संध्याकाळी नेरुळच्या डी वाय पाटीलला आपल्या पोरींची वर्ल्ड कप फायनल, म्हणून आम्ही परत इथेच. एरवी नऊला बंद होतं, त्या रात्री शटर अर्ध्यावर ओढून टीव्ही चालू ठेवला. दीप्ती शर्माने ३९ रनमध्ये पाचवी विकेट काढली, आपण ५२ रनने जिंकलो, आणि दादांच्या आईने सकाळसाठी भिजवलेला रवा बाजूला ठेवून मध्यरात्री सगळ्यांना गरम शिरा केला.

गुरुवारी बंद असतं.