नागपुरात भाड्याने कॅमेरा : सामान लग्नाचं, सिनेमा आपला

बर्डी, धरमपेठ, सदर. कॅमेरा भाड्याने देणारे या भागांत सापडतात आणि त्यांचा धंदा मुळात लग्नाच्या शूटिंगवर चालतो. शॉर्टफिल्मवाल्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. कॅमेऱ्याची बॉडी, गिंबल (हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र), ८५ एमएम आणि ७०-२०० लेन्स हे सगळं मिळतं आणि बहुधा धडधाकट असतं, कारण भर मांडवात कॅमेरा बंद पडलेला कुणालाच परवडत नाही. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी लेन्सवरची गडद काच), बूम (माइक वरून धरायची लांब दांडी) किंवा आवाजाचा बरा रेकॉर्डर मागितला की मात्र "पाहून सांगतो" सुरू होतं.

तारखांचंही तसंच. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि दाट तिथीला एक बॉडीही मोकळी नसते. चातुर्मासात, विशेषतः पितृपक्षात, तेच सामान कपाटात पडून असतं. घासाघीस करायची ती तेव्हाच. "एक दिवस" म्हणजे पूर्ण २४ तास की सकाळ ते रात्र, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

सामान घेताना काउंटरवरच अर्धा तास द्या. लेन्स एफ/१६ वर (आकडा मोठा, म्हणजे छिद्र बारीक) ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोकस घालवलेला फोटो काढा आणि झूम करून पाहा. प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका दिसला तर सेन्सरवर धूळ आहे. मग लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स बदलून मागा. सिरीयल नंबर आणि आधीचे ओरखडे दिसतील असा व्हिडिओ दुकानदारासमोरच काढा.

सोनीची बॉडी सुरू करताना "रनिंग ऑन एनटीएससी" (३० फ्रेमची व्हिडिओ पद्धत) अशी ओळ आली तर तिथेच मेन्यूतून पाल (PAL, २५ फ्रेमची पद्धत) करून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर. ३० फ्रेम आणि १/६० वर राहिलात तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात आडवे पट्टे सरकतात, आणि ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. हा बदल केल्यावर कॅमेरा कार्ड फॉरमॅट करायला लावतो, म्हणून हे काम रिकाम्या कार्डावर उरका.

उन्हाचं गणित लग्नवाले शटरचा वेग वाढवून सोडवतात. सिनेमात त्यामुळे हालचाल तुटक दिसते. आपल्या भर दुपारी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि १/५० ला एफ/२२ लागतो. मागचं धूसर दिसावं म्हणून एफ/२.८ हवा असेल तर ६ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कापावे लागतात, म्हणजे एनडी ६४. एस-लॉग २ (रंग नंतर एडिटिंगमध्ये बसवायची सोनीची फिकी सेटिंग) मध्ये आयएसओ ८०० वर शूट करणार असाल तर आणखी ३ स्टॉप. एनडी विकतच घ्या, तोही ८२ एमएम व्यासाचा. बहुतेक २४-७० एफ/२.८ लेन्सना तो थेट बसतो आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर जोडायची कडी) लावून बसवता येतो.

कार्डही स्वतःचं असावं. सोनीच्या ए७ थ्री बॉडीवर ४के १०० एमबीपीएसने तासाला सुमारे ४५ जीबी भरते. ६४ जीबीत सव्वा तास धरा. व्ही३० वेगाचं कार्ड पुरेसं आहे. ही बॉडी २९ मिनिटांनंतर रेकॉर्डिंग आपोआप थांबवते, तेव्हा लांब मुलाखतीत घड्याळाकडे लक्ष ठेवा. मे महिन्यात बॅटऱ्या गाडीत ठेवू नका, मेन्यूत "ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर" हायवर ठेवा आणि दोन टेकच्या मधे कॅमेऱ्यावर पांढरा दुपट्टा टाका.

आवाजात ही दुकानं उणी पडतात, आणि पहिल्या फिल्मा पडतात त्याही इथेच. वायरलेस माइकची जोडी मिळते, पण ती २.४ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे घरातल्या वाय-फायच्याच पट्ट्यात. टेकच्या वेळी राउटर बंद करा. कूलरही बंद. वाळ्यातून ठिबकणारं पाणी आणि पंख्याची घरघर संवादाखाली बसली की फिल्टर लावून निघत नाही. शॉटगन (समोरचाच आवाज टिपणारा लांबट माइक) मिळाली तर रेकॉर्डरवर ४८ व्होल्ट फँटम (केबलमधून माइकला जाणारी वीज) सुरू आहे ना, ते बघा; नाहीतर ट्रॅक मुका येतो. बूम स्टँड आणि एक्सएलआर (माइकची) केबल साउंड सिस्टीमवाल्यांकडे विचारा. माइक स्टँडची आडवी दांडी फ्रेमच्या जरा वर आणून शॉटगन बांधली की बूम धरणारा माणूस वाचतो.

लाइटसाठी ६० वॉटचा गोडॉक्स एसएल६० आणि सॉफ्टबॉक्स खोलीपुरता ठीक. खिडक्या झाकायला काळे पडदे, पाइप, लांब एक्स्टेन्शन आणि जनरेटर बिछायत केंद्रातून घ्या. जनरेटर मात्र इमारतीच्या मागच्या बाजूला, लांब.

ड्रोनवाला "उडवून देऊ" म्हणाला तरी आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. सोनेगावला विमानतळ आहे आणि फुटाळ्याला लागून वायुसेना नगर.

अनामत म्हणून मूळ आधार कार्ड ठेवू नका, मास्क केलेली (शेवटचे चार आकडेच दिसणारी) प्रत द्या. परत करताना तोच व्हिडिओ उघडून सामान मोजा : बॅटऱ्या, चार्जर, गिंबलची प्लेट, लेन्सची दोन्ही झाकणं. गिंबलची प्लेट हमखास आपल्या ट्रायपॉडलाच अडकून राहते.