कॉलिकच्या रडण्यासाठी घेतलेले ‘व्हाइट नॉइज’ यंत्र: सहा आठवड्यांच्या वापरानंतरचे मत

पाचव्या आठवड्यापासून आमची मुलगी रोज संध्याकाळी मुठी आवळून, पाय पोटाशी ओढून, लालबुंद होईपर्यंत रडत असे. वजन नीट वाढत होते, ताप, हिरवी उलटी किंवा शीतून रक्त यांपैकी काहीही नव्हते. त्यामुळे तपासणीनंतर डॉक्टरांनी हा पोटशूळ, म्हणजे कॉलिक, असल्याचे सांगितले. त्यानंतर आम्ही हे एकसुरी आवाज काढणारे छोटे यंत्र घेतले.

यातील पावसाचा आवाज तिला मुळीच मानवला नाही, पण पंख्यासारखी खालच्या पट्टीतली घरघर मात्र उपयोगी पडली. रडणे टिपेला पोहोचल्यावर यंत्र लावून काहीच साधत नाही. कुरकुर सुरू होताच खोलीतला उजेड मंद करून, तिला खांद्याशी धरून संथपणे फेऱ्या घालताना ते चालू केले, तर बहुतेक वेळा ती लवकर निवत असे.

माझी खरी तक्रार आवाजाच्या तीव्रतेविषयी आहे. यंत्राला पाळण्याच्या कठड्यावर अडकवण्याचा चिमटा दिला आहे, आणि ही गोष्ट मला गंभीर वाटते. 2014 मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशी 14 यंत्रे तपासली गेली होती. पूर्ण आवाजात 30 सेंटिमीटर अंतरावर त्या सर्वांचा आवाज 50 डेसिबलच्या पुढे, तर तिघांचा 85 च्याही पुढे गेला होता. म्हणून आम्ही चिमटा काढून टाकला, यंत्र पाळण्यापासून दोन मीटरवर ठेवले, आवाज अगदी कमी ठेवला आणि ती झोपल्यावर ते बंद करत राहिलो.

खोक्यावरचा ‘पोटातील वायू शांत करते’ हा दावा मला अयोग्य वाटतो. कॉलिकचे निश्चित कारण अद्याप सापडलेले नाही, आणि रडताना हवा गिळल्यानेही बाळाच्या पोटात वायू साठतो. शिवाय हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते व तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे अकराव्या आठवड्यात आलेल्या शांततेचे श्रेय मी यंत्राला देणार नाही.

तरीही दूर ठेवण्याची तयारी असेल तर ते घ्यावे, असे मी म्हणेन. एका गोष्टीचा उल्लेख माहितीपत्रकात हवा होता: सहनशक्ती संपली, तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवून काही मिनिटे बाजूला व्हावे, त्याला कधीही गदगदा हलवू नये, कारण त्याने मेंदूला इजा होते. आम्हाला हे डॉक्टरांनी सांगितले, आणि दोनदा आम्ही तसेच केले.