बॅरिएट्रिकनंतरचे आहारतक्ते : काही महिने वापरून काय टिकलं, काय गळलं

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली की घरात किमान तीन तक्ते जमतात. एक रुग्णालयाच्या डिस्चार्जच्या कागदांबरोबर आलेला, दुसरा बाहेरच्या आहारतज्ज्ञांचा, तिसरा कुणीतरी व्हॉट्सॅपवर ढकललेला. चौथा कुठेही लिहिलेला नसतो, तो नातेवाइकांचा. पुण्यात सल्ला न मागता मिळतो, त्यामुळे सगळ्यात जाडजूड तक्ता हाच. हे चारही एकाच स्वयंपाकघरात महिनोन्महिने वापरल्यावरचं हे मत आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही हा विषय इथे नाही, आणि गोळ्यांचे डोस शेवटी सर्जनने रिपोर्ट बघूनच ठरवायचे.

आधी निकाल सांगून टाकतो : यातली बहुतेक भांडणं खोटी आहेत. दोन तक्ते एकमेकांविरुद्ध बोलतात तेव्हा एक स्लीव्हचा असतो आणि दुसरा बायपासचा, किंवा एक तिसऱ्या आठवड्याचा आणि दुसरा सहाव्या महिन्याचा. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. आतडं जागच्या जागी असतं. बायपासमध्ये जेमतेम ३० मिलीची पिशवी उरते आणि आतड्याचा रस्ताच बदलतो. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट, पण आतड्याचा बराच भाग वगळलेला. तक्त्याच्या डोक्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि आठवडा लिहिलेला नसेल तर तो तक्ता तिथेच अर्धा बाद.

सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र वाद घालायचा नाही, सर्जनचाच कागद चालवायचा. साधारण क्रम सगळीकडे सारखा : एक-दोन दिवस पाण्यासारखं पातळ, मग दोन आठवड्यांपर्यंत दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास नेहमीचं जेवण. कुणी पातळाचा टप्पा चार आठवड्यांपर्यंत ताणतं. टाक्यांची रेष भरून येईपर्यंत तिच्यावर ताण येऊ नये, एवढंच त्यामागचं कारण, आणि ती रेष कशी घातली हे ज्याने घातली त्यालाच माहीत. ‘आमच्या भाच्याला आठव्या दिवशी मऊ भात चालला’ हा पुरावा धरू नये. नाडी सतत १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ किंवा धाप, यातलं काहीही दिसलं तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

पाण्याचं गणित तक्त्यात ‘दीड ते दोन लिटर’ एवढंच लिहितात. ते कसं प्यायचं हे कुणी सांगत नाही. औषधाचं ३० मिलीचं प्लास्टिकचं माप घ्या आणि सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी एक माप, घोट घोट. तासाला १२० मिली, तेरा तासांत दीड लिटर पूर्ण. तहान लागल्यावर गटकन प्यायलं की छातीच्या मध्यभागी कळ येते. एप्रिल-मेच्या पुण्यात हे माप हातातून सुटता कामा नये; चक्कर आणि गडद लघवी ही बहुतेकदा पाणी कमी पडल्याचीच खूण असते.

जेवताना पाणी प्यायचं नाही यावर सगळे एकमत, पण एक तक्ता आधी अर्धा तास म्हणतो, दुसरा पंधरा मिनिटं. आधीचं पाणी नळीतून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे पंधरा मिनिटं पुरतात. जेवणानंतरचा अर्धा तास मात्र पाळावाच. आपल्याकडे खरी अडचण पाण्याची नाही, ताकाची आणि पातळ आमटीची. कालवलेला आमटी-भात म्हणजे जेवण आणि पाणी एकदम. आमटी चमच्यावर थांबेल इतकी आटवायची, ताक दोन जेवणांच्या मधे.

प्रथिनांचा आकडा हा सगळ्यात गाजलेला वाद. एक तक्ता ६० ग्रॅम म्हणतो, दुसरा ८०, आणि तिसऱ्यात ‘किलोमागे दीड ग्रॅम’. ११० किलोच्या माणसाने हा हिशेब लावला तर १६५ ग्रॅम होतात, जे त्या पोटात शक्यच नाही. गोम अशी की हे किलो आदर्श वजनाचे धरायचे असतात, काट्यावरचे नाहीत. उंची १६० सेंटिमीटर असेल तर आदर्श वजन ५८ किलोच्या आसपास. दीडने गुणलं की ८७. म्हणजे खालची मर्यादा ६०, वरची साधारण ८७. तिन्ही तक्ते बरोबर होते, फक्त तिसऱ्याने एक शब्द गाळला होता.

आकडा कळला तरी वाटीचं काय? ‘एक वाटी वरण : ७ ग्रॅम’ हे वाक्य जवळपास प्रत्येक शाकाहारी तक्त्यात सापडतं. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेवढी डाळ एकाच वाटीत उतरली, म्हणजे गोळा वरण असलं, तर तक्ता खरा. तीच डाळ घरच्या पद्धतीने तीन वाट्या केली तर वाटीला दोन ग्रॅम, आणि पोट तर भरलेलं. वरणाच्या वरच्या पाण्यात तर जवळजवळ काहीच नाही. यावर उपाय एकच : डाळ कोरडी असतानाच काट्यावर तोलायची. तुळशीबागेत मिळते तशी १०० मिलीची लहान वाटी वेगळी काढून ठेवली की मापाचा घोळ संपतो.

इतर मोजमापं अशी : अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साडेसहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, कोरड्या २० ग्रॅम सोयाबीन वड्यांमध्ये १०. साध्या दह्यात १०० ग्रॅमला तीन-चार. तेच फडक्यात टांगून चक्का केला की दुपटीच्या पुढे. आणि नाचणीचं सत्त्व, ज्याला घरोघरी पहिला मान, त्याच्या २० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमही नाही. ‘हलकं आणि पौष्टिक’ म्हणून आजारी माणसाला जे जे देतात, पेज, रव्याची खीर, साबुदाण्याची खीर, ते सगळं पिष्टमय आहे. या शस्त्रक्रियेनंतर नेमकं उलटं हवं असतं, आणि घरच्या मोठ्यांना ते पटवणं हे पथ्यापेक्षा अवघड काम.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यातला शाकाहारी दिवस असा बसतो (शेवटचे आकडे प्रथिनांच्या ग्रॅमचे) : व्हेचा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रथिन पावडरीचा, एक स्कूप २४, पनीर भुर्जी ६० ग्रॅमची ११, गोळा मूगवरण ७, चक्का १०० ग्रॅम ८, दूध साडेसहा, कणकेत किंवा धिरड्यात १० ग्रॅम सोयापीठ ५. बेरीज एकसष्ट-बासष्ट. पावडर वजा केली तर चाळिशीही गाठत नाही. त्यामुळे ‘पावडर म्हणजे केमिकल, घरचंच खा’ हा सल्ला निदान पहिल्या काही महिन्यांत बाद.

पावडर घेताना डबा उलटून मागचं वाचायचं. वजन कमी करून आलेल्या माणसालाही दुकानदार मास गेनर दाखवतात. त्यात मुख्यतः साखर-पिष्ट असतं. ३० ते ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४-२५ ग्रॅम प्रथिनं असली तर ठीक. शस्त्रक्रियेनंतर दूध सोसेनासं झालं, पोट गुडगुडून जुलाब होऊ लागले, तर आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेली व्हे पावडर, घ्यावं, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) फार कमी असतं. उकळत्या दुधात टाकली की पावडरीच्या गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात पेस्ट करायची, मग कोमट दूध. शेकरने हलवलं असेल तर फेस बसेपर्यंत थांबायचं; तो फेस म्हणजे हवा, ती गेली की पोट फुगत नाही.

पोळी की भाकरी? पुस्तकी तक्ते दोन्ही एकाच ओळीत लिहितात, प्रत्यक्षात फरक मोठा आहे. ताजी मऊ पोळी नीट चावली नाही तर तिचा कणकेसारखा गोळा होऊन अडकतो. भाकरी कुस्करते, आमटीत मुरते, उतरते. पाव पोळीपेक्षाही वाईट. मोकळा भात पोटात फुगतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मऊ भात थोडा बरा, पण त्याची जागा प्रथिनांच्या नंतर. कोरडं, पुन्हा गरम केलेलं चिकन हमखास अडतं. खिमा किंवा मासा रश्श्यात चालतो. उकडलेल्या अंड्यापेक्षा मऊ ऑम्लेट सोपं. घास शेंगदाण्याएवढा, जेवण वीस ते तीस मिनिटं. उचकी, नाकातून पाणी, छातीमागे दाब ही पोट भरल्याची खूण आहे. त्यानंतरचा एक घासही उलटी घडवतो.

उलट जे नको ते अलगद उतरतं. मस्तानी, बाकरवडी, चिवडा, चहात बुडवलेलं बिस्किट : हे सगळं नळीतून सरसर खाली जातं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. सहा महिन्यांनंतर वजनाचा काटा थांबला तर आधी इथे पाहावं. म्हणूनच ‘दर दोन तासांनी खा’ हा सल्ला सुरुवातीला बरोबर आणि नंतर घातक. पोटात चार-पाच चमचेच मावतात तेव्हा सहा वेळा खावंच लागतं. पुढे तीन जेवणं आणि एक-दोन प्रथिनांचे छोटे खुराक बास. नाहीतर येता-जाता चिवड्याच्या डब्यात हात जातो.

बायपासवाल्यांनी उसाच्या रसाला लांबूनच नमस्कार करावा. साखर आतड्यात एकदम उतरली की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात पिळवटणं, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो : रक्तातली साखर खाली जाते, हात थरथरतात. तेव्हा साखर द्यावीच लागते, पण पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून ‘जवळ पेढा ठेवा’ हे उत्तर नाही. गोड कमी आणि प्रत्येक खाण्यात प्रथिनं आधी, हे आहे. असं वारंवार होत असेल तर त्या क्षणी ग्लुकोमीटरवर आकडा घेऊन डॉक्टरांना दाखवावा. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या तशाच चालू असतील तर तेही कारण असू शकतं.

आता गोळ्या, इथे तक्ते सगळ्यात ढिसाळ आहेत. कॅल्शियम अन्न धरून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, आणि शक्यतो सायट्रेट, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं आणि आम्लच कमी झालेलं असतं. पण डब्यावर ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ’ लिहिलेलं असलं तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅमच. एक गोळी घेऊन कोटा झाला असं समजणारे बरेच आहेत. सदाशिव पेठेतल्या घाऊक औषधबाजारात पूर्ण डबा घेण्याआधी ‘एलिमेंटल’ शब्दापुढचा आकडा वाचा. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शोषलं जात नाही, म्हणून भाग पाडायचे. लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब, आणि चहापासूनही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम चार तासांनी. सकाळची थायरॉइड, मग चहा, दुपारी कॅल्शियम, संध्याकाळी लोह, रात्री पुन्हा कॅल्शियम, असं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवल्याशिवाय जमत नाही. बी-१२ शाकाहाऱ्यांचं मुळातच कमी असतं; तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, दोन्ही मान्य पद्धती आहेत, वाद नको. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं आठवड्याचं पाकीट मात्र तपासणीशिवाय वर्षानुवर्षं चालू ठेवू नये, ते शरीरात साठतं.

उपवासाबद्दल एकाही छापील तक्त्यात ओळ नसते, आणि श्रावण तर दरवर्षी येतो. साबुदाणा खिचडी म्हणजे पिष्ट, तूप आणि जिवाला बरं वाटणं; प्रथिनं दाण्याच्या कुटातली तेवढीच. करायचाच असेल तर दूध, पनीर, चक्का, राजगिरा यांवर करावा, पाणी आणि गोळ्या चुकवू नयेत. निर्जळी नाहीच.

सगळ्यात कमी लिहिलं जाणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं : उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर बी-१ म्हणजे थायमिन संपत येतं, त्याचा साठा शरीरात फार थोडा असतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून आधी ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं. बरोबरच्या माणसाने शस्त्रक्रियेचं नाव सांगून ‘आधी थायमिन’ हे स्पष्ट बोलावं.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, वजन झपाट्याने उतरल्यामुळे. बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं, लोह, झिंक बघावं. बायोटिनच्या गोळ्यांचा फारसा उपयोग दिसत नाही, आणि त्या थायरॉइडच्या तपासणीचा आकडा बिघडवतात. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्त द्यायचं असतं; हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) मागून घ्यावं. बायोटिन चालू असेल तर लॅबला आधी सांगावं आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावं.