ओकासाकींचे तीन क्यू: तुमच्या प्रोग्रामला कोणता हवा?

फंक्शनल भाषेत, म्हणजे जिथे एकदा बनवलेला डेटा सहसा बदलत नाही, क्यू (आधी आलेला घटक आधी बाहेर जाणारी रांग) लागला की बहुतेक जण दोन लिस्टचा उपाय करतात. समोरच्या लिस्टमधून घटक काढायचे, मागच्या लिस्टमध्ये भरायचे आणि समोरची संपली की लगेच मागची उलटी करून पुढे आणायची. संगणकशास्त्रज्ञ क्रिस ओकासाकी याला बॅच्ड क्यू म्हणतात. कोड मोजक्या ओळींचा असतो आणि चांगला पळतो. मग त्यांचे बँकर्स आणि रिअल-टाइम हे क्यू कशासाठी?

फरक पडतो तो जुन्या आवृत्त्यांमुळे. इथे घटक काढला तरी आधीचा क्यू शाबूत राहतो आणि कोणीही तो पुन्हा वापरू शकतो. समजा, समोर एकच घटक आहे आणि मागे दहा हजार. तो एक काढताच दहा हजार घटक उलटावे लागतात. हा खर्च आधीच्या दहा हजार स्वस्त भरण्यांवर वाटला, तर सरासरी उत्तमच येते. पण त्याच जुन्या क्यूमधून शंभर फांद्या फुटल्या, म्हणजे तो शंभर ठिकाणी पुन्हा वापरला गेला, आणि प्रत्येकीने घटक काढला, तर दहा हजार घटक शंभर वेळा उलटावे लागतात. स्वस्त भरण्यांची शिल्लक मात्र एकदाच जमलेली असते.

ही कोंडी ओकासाकी यांनी लेझी इव्हॅल्युएशनने, म्हणजे उत्तर लागेपर्यंत काम पुढे ढकलून, फोडली, आणि मला त्यांचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातला त्यांचा प्रबंध १९९६ चा, त्यावर बेतलेलं पुस्तक १९९८ चं. बँकर्स क्यू दोन्ही लिस्टची लांबी लक्षात ठेवतो. मागची लिस्ट समोरचीपेक्षा लांब झाली की उलटण्याचं काम तो समोरच्या लिस्टच्या शेवटी जोडून ठेवतो, पण लगेच करत नाही. त्या कामाची पाळी येईपर्यंत समोरचे सगळे घटक काढून झालेले असतात, म्हणजे खर्च फिटलेला असतो. काम जोडल्यानंतर फांद्या फुटल्या, तर ते एकदाच होतं आणि उत्तर सगळ्यांना मिळतं, कारण एकदा काढलेलं लेझी मूल्य साठून राहतं. त्याआधी फुटल्या, तर प्रत्येक फांदीला तिथवर स्वतःच्या पावलांनी जावं लागतं, आणि त्या पावलांतच तिचा खर्च निघतो.

एवढं करूनही बँकर्स क्यूमध्ये मधूनच एखादी क्रिया जड जाते. रिअल-टाइम क्यू तेही होऊ देत नाही. तो वेळापत्रकाची तिसरी लिस्ट बाळगतो आणि प्रत्येक क्रियेबरोबर बाकी कामाचं एक पाऊल उरकतो. हूड आणि मेलव्हिल यांनी १९८१ मध्ये लेझीपणाशिवाय हीच हमी दिली होती, पण त्यांची रचना बरीच गुंतागुंतीची आहे. ओकासाकींनी १९९५ मध्ये मांडलेला क्यू काही ओळींत बसतो. तरी भाषेचा गार्बेज कलेक्टरच (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) प्रोग्रामला मध्ये थांबवत असेल, तर या हमीचा बराचसा उपयोग संपतो. म्हणून मी रिअल-टाइम क्यू क्वचितच सुचवेन.

ब्रेडथ-फर्स्ट सर्चसारख्या (पातळी-पातळीने शोधण्याच्या) कामात जुन्या क्यूला पुन्हा हात लावायचा नसेल, तर बेधडक बॅच्ड घ्या. ओकॅमलसारख्या भाषेत, जिथे लेझीपणा मुद्दाम लिहावा लागतो, तिथे तर नक्कीच. अन-डू किंवा बॅकट्रॅकिंग (मागे येऊन दुसरी वाट पाहणं) असेल, तर बँकर्स. हास्केलमध्ये असाल तर आधी डेटा.सिक्वेन्स ही तयार लायब्ररी पाहा. हिंझ आणि पॅटरसन यांच्या २००६ च्या फिंगर ट्री या झाडासारख्या रचनेवर ती उभी आहे आणि दोन्ही टोकांनी चालते.

मॅप (की देऊन मूल्य शोधायची रचना) हवा असेल तर ओकासाकींचं १९९९ चं रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे स्वतःला समतोल ठेवणारं झाड, शिकायला अप्रतिम आहे. असमतोलाच्या चार स्थिती आणि चारींचं उत्तर एकच! पण त्या लेखात घटक काढून टाकण्याची कृती नाही, त्यामुळे रोजच्या कामाला तयार लायब्ररी बरी. मॅपच्या की (keys) पूर्णांक असतील, तर हास्केलचं इंटमॅप घ्या. ते ओकासाकी आणि गिल यांच्या १९९८ च्या पॅट्रिशिया ट्रीवर (कीच्या बिट्सनुसार फांद्या फुटणारं झाड) आधारलेलं आहे, आणि दोन मॅप एकत्र करायचे असतील तेव्हा त्याचा खरा फायदा दिसतो.