बर्थ प्लॅन सोलापुरात कितपत चालतो? सहाव्या महिन्यापासून आजपर्यंतचा अनुभव

बाळंतपणात आपल्याला काय हवं, काय नको आणि ऐनवेळी परिस्थिती बदलली तर काय करायचं, हे आधीच लिहून डॉक्टरांसमोर ठेवलेला कागद म्हणजे बर्थ प्लॅन. मी तो सहाव्या महिन्यात लिहायला घेतला आणि जानेवारीत लेबर रूममध्ये वापरला. त्याचीच वाढवलेली प्रत माझ्या जावेने एप्रिलमध्ये वापरली. आता माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. सोलापुरात असा कागद घेऊन जाणाऱ्या बायका अजून थोड्याच आहेत, म्हणून मला सगळ्या जणी पहिला प्रश्न हाच विचारतात की डॉक्टर रागावत नाहीत का? काही रागावतात. ते सातव्या महिन्यात कळतं, हाच या कागदाचा मला झालेला पहिला मोठा फायदा.

इंटरनेटवरचे तयार नमुने मी बाजूला ठेवले. त्यात पाण्याचा टब असतो, मंद दिवे असतात, गाण्यांची यादी असते. आपल्याकडच्या लेबर रूममध्ये दोन-तीन खाटा आणि मध्ये पडदा. तिथले प्रश्न वेगळे. सोबत कोण थांबणार? कळा चालू असताना उठून फिरू देणार का, पाणी पिऊ देणार का? बाळ बाहेर यायला जागा व्हावी म्हणून घेतात तो खालचा काप सरसकट घेणार की गरज पडली तरच? रात्री वेदना सहन झाल्या नाहीत तर भूलतज्ज्ञ येतील का? बाळ जन्मल्यावर आधी माझ्या अंगावर ठेवणार की वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राखाली, नेणार? एवढ्याच प्रश्नांवर माझं पहिलं पान लिहिलं.

आधार घेतला तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या शिफारशींचा. प्रसूतीच्या वेळच्या काळजीबद्दल त्या ५६ शिफारशी आहेत. बाईच्या पसंतीची सोबत असावी, धोका नसेल तर तिला खाऊपिऊ आणि हिंडूफिरू द्यावं, एनिमा, केस काढणं आणि काप हे सरसकट करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मला सर्वांत मोलाची वाटली ती वेळेबद्दलची शिफारस. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा सुरू झाला असं धरू नये, आणि त्यानंतरही दर तासाला १ सेंटिमीटर उघडलंच पाहिजे अशी सक्ती नसावी. पहिलटकरीण दोन सेंटिमीटरला दाखल होते, चार-सहा तासांनी बाहेर बसलेली माणसं "अडली का हो?" म्हणून विचारू लागतात, आणि घाई बऱ्याचदा त्या बाकड्यावरूनच सुरू होते. म्हणून हा मुद्दा मी सासूबाईंना, आईला आणि नवऱ्याला आधीच वाचून दाखवला होता. त्या रात्री बाहेरून एकदाही दबाव आला नाही.

आता हॉस्पिटल निवडताना काय झालं ते सांगते. पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि "एवढं सगळं तुम्हीच ठरवणार असाल तर आमचं काय काम?" असं म्हणून तो परत केला. माझी तपासणी त्यांनी नीट केली होती, हे मान्य. पण सोबत कोणालाच आत घेत नाही आणि कळांमध्ये खाटेवरून उतरू देत नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. मी हॉस्पिटल बदललं. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी पेन हातात घेतलं आणि ओळीओळीवर बोलल्या. कापाच्या ओळीपुढे त्यांनी स्वतः लिहिलं, की शक्यतो घेणार नाही, पण बाळाचे ठोके उतरले तर विचारत बसायला वेळ नसेल. भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नाहीत, बोलावल्यावर येतात, रात्री वेळ लागू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. नवरा आत चालणार नाही, कारण पलीकडच्या खाटेवर दुसरी बाई असते. हे कारण मला पटलं. शेवटी त्यांनी खाली सही केली. त्या सहीचा उपयोग पुढे अशा ठिकाणी झाला, जिथे मला तो अपेक्षितच नव्हता.

खाजगी की सरकारी, याबद्दल सगळेच बोलतात म्हणून थोडं मीही बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात खाजगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या, सरकारी रुग्णालयांतल्या १४.३ टक्के. या आकड्यांवरून कोणा एका डॉक्टरबद्दल मत बनवता येत नाही, पण "तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये सिझर किती होतात?" हा प्रश्न विचारायला त्यांनी मला धीर दिला. सरकारी रुग्णालयाचा अनुभव माझा नाही. शाळेतली माझी एक मैत्रीण विडी घरकुलात राहते, तिच्या धाकट्या बहिणीचा आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात नॉर्मल असो की सिझर, प्रसूती, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचं वाहन मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, तिथे ती न चुकता जायची. तिच्यासाठी आम्ही दोन पानांचा कागद केलाच नाही. रक्तगट, हिमोग्लोबिन, कोणत्या औषधाची ॲलर्जी, सोबत कोण थांबणार आणि बाळ अंगावर ठेवा, एवढं अर्ध्या पानावर लिहून माता-बाल संरक्षण कार्डाला टाचलं. सरकारी दवाखान्यात लेबर रूममध्ये नात्यातली एक बाई सोबत राहू शकते, २०१६ पासून केंद्राच्या तशा सूचना आहेत. तिची आत्या थांबली. आत्या तेलुगूतून धीर देत होती, हे त्या मुलीसाठी कागदावरच्या सगळ्या ओळींपेक्षा जास्त होतं.

सोबत कोण, या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त विचार केला, आणि तुम्हीही करा असं सांगेन. आपल्याकडे आई हेच ठरलेलं उत्तर असतं. माझ्या आईचा जीव हळवा आहे. मला कळ आली की तिच्या डोळ्यांत आधी पाणी येतं, मग मीच तिला सांभाळत बसते. म्हणून मी मोठ्या वहिनीला विचारलं. तिची स्वतःची दोन बाळंतपणं झालेली, बोलणं मोजकं, रात्रभर जागायची तयारी. आईला वाईट वाटू नये म्हणून तिला दुसरं काम दिलं: बाळ बाहेर आलं की पहिल्यांदा तिने घ्यायचं. वहिनीला कागद पाठ होता. कंबर कुठे दाबायची, श्वास लांब कसा सोडायचा, हे आम्ही घरी करून पाहिलं होतं. सतत सोबत असलेल्या बायकांची प्रसूती थोडी लवकर होते आणि सिझरही कमी होतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. मला त्या रात्री इतकंच कळत होतं, की माझ्या कंबरेवरचा हात हटत नाही.

माझी तारीख गड्ड्याच्या दिवसांतली. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानाकडे माणसांचा पूर. आम्ही जुळे सोलापुरात राहतो आणि हॉस्पिटल शहराच्या मधोमध, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणता रस्ता, हेही कागदावर होतं. नवऱ्याने त्या वाटेने आधी गाडी नेऊन पाहिली होती. गर्भाचं पाणी गेलं ते नेमकं यात्रेत, सकाळी. पाण्याचा रंग बघायचा, वेळ लिहून ठेवायची, पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कशाचीही वाट न पाहता निघायचं आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन लावायचा, अशी ओळ होती. पाणी स्वच्छ होतं. घाबरगुंडी न उडता आम्ही निघालो.

दिवस भरल्यावर पाणी गेलं तर दहातल्या साधारण सहा बायकांना चोवीस तासांत आपोआप कळा येतात. थांबण्यात जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो, बाळासाठी दोनशेत एकाचा शंभरात एक होतो. मॅडमनी हे दोन्ही आकडे सांगितले आणि आम्ही संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. कळा आल्या नाहीत, मग कळांचं सलाईन लावलं. इथे कागदावरची फिरण्याची ओळ आखडली, कारण सलाईन चालू असताना बाळाचे ठोके मशीनवर सतत बघावे लागतात. पट्टा पोटावर ठेवूनच खाटेशेजारी उभं राहून पुढे वाकायला परवानगी मिळाली. मला तेवढं पुरलं.

कागद सर्वांत कमी पडला तो एपिड्युरलच्या बाबतीत. कंबरेतून बारीक नळी घालून वेदना कमी करतात. त्यामुळे सिझरची शक्यता वाढत नाही, शेवटचा टप्पा मात्र लांबू शकतो आणि रक्तदाब उतरू शकतो, हे सगळं समजून घेऊन मी ते हवं म्हणून लिहिलं होतं. रात्री मागितलं तेव्हा भूलतज्ज्ञ दुसरीकडच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत होते. ते मोकळे होईपर्यंत माझं आठ सेंटिमीटर झालं आणि मी त्याशिवायच पुढे गेले. सलाईनच्या कळा फार जोराच्या असतात. ज्यांना एपिड्युरल हवंच आहे त्यांनी पूर्णवेळ भूलतज्ज्ञ असलेलं हॉस्पिटल निवडावं. कागदावर कितीही ठळक लिहिलं तरी रात्री दोन वाजता माणूस उभा करता येत नाही.

दुसरी अडचण सिस्टरची ड्युटी बदलण्याची. दिवसाच्या सिस्टरनी प्लॅन वाचला होता, रात्रीच्या सिस्टरपर्यंत तो पोचलाच नव्हता, फायलीत मागे गेला होता. वहिनीने जवळची प्रत दाखवली. मुलगी झाल्यावर नाळ लगेच कापू नका, ही आठवणही तिनेच केली, आणि मॅडम मिनिटभराहून जास्त थांबल्या. वारेतलं रक्त तेवढ्या वेळात बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने त्याच्या लोहाच्या साठ्याला पुरतं. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात आपल्या देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली होती. त्या मिनिटासाठी पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. माझी मुलगी पुसून माझ्या छातीवर ठेवली आणि तासाभरातच ती प्यायली.

सहीचा उपयोग मी वर म्हटला तो आता. सासूबाईंनी घरून मध आणला होता, बोटाने चाटवायला. त्यांच्या घरात प्रत्येक बाळाला चाटवलेला. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो, म्हणून "मध, गुटी, साखरपाणी काही नको" अशी ओळ प्लॅनमध्ये होती. सासूबाईंनी ती वाचली, खालची मॅडमची सही पाहिली आणि बाटली पिशवीत ठेवली. त्यांच्या आणि माझ्यामध्ये वाद आलाच नाही. पहिली अंघोळ दुसऱ्या दिवशी, बंद खोलीत शेगडी-धुरी नको, हेही तसंच शांतपणे पार पडलं.

जावेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. तिचं पहिलं सिझर, बाळ पायाळू होतं म्हणून. या वेळी बाळ डोक्याकडून होतं आणि तिला नॉर्मल करून पाहायचं होतं. आधीचा छेद खालच्या बाजूला आडवा असेल तर अशा चारपैकी जवळपास तिघींचं नॉर्मल होतं. कळांमध्ये जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो, पण तो जिवावरचा. म्हणून ऑपरेशन थिएटर आणि रक्त चोवीस तास तयार असलेलंच हॉस्पिटल, ही तिच्या कागदाची पहिली ओळ. एप्रिलच्या उकाड्यात वीज गेली तर जनरेटर आहे का, हेही तिने विचारून घेतलं. तिने प्लॅनचे दोन भाग केले, एक नॉर्मलचा आणि तितकाच सविस्तर दुसरा सिझरचा. सिझर झालं तर बाळाबरोबर कोण जाणार, बाळ ठीक असेल तर टेबलवरच माझ्या गालाशी आणा, मला विचारल्याशिवाय पावडरचं दूध देऊ नका. कळा चांगल्या चालू असताना ठोके उतरले आणि सिझर करावं लागलं. रडली ती. पण नंतर म्हणाली, "अगं, त्या वेळी माझं डोकं चालतच नव्हतं, आणि काही ठरवायचं उरलंही नव्हतं." दूध पावडरची ओळ सोडली तर सगळं लिहिल्याप्रमाणे झालं. ती ओळ रात्री पाळली गेली नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावरचं पान आम्ही दोघींनी सगळ्यात जास्त दिवस वापरलं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, सहाव्या आठवड्याची तपासणी, नळाला पाणी येण्याच्या दिवशी दुपटी कोण धुणार, आणि एक ओळ नवऱ्यासाठी: दोन आठवड्यांनंतरही माझं रडू थांबत नसेल, झोप येत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल तर मला न विचारता डॉक्टरांची वेळ घे. जावेच्या बाबतीत ती ओळ कामी आली. दिरांनी वेळ घेतली, आणि आता ती बरी आहे.

शाळेतल्या एका सहकारी बाईंची तारीख भाद्रपदातली आहे, त्यांना मी हा कागद दिला आहे. त्यात एवढे बदल केले: पहिलं पान अर्धंच ठेवलं, कारण दुसरं पान लेबर रूममध्ये कोणी उलटत नाही. एक प्रत फायलीच्या वरच्या पुठ्ठ्याला, एक सोबत थांबणाऱ्या बाईच्या पर्समध्ये. भूलतज्ज्ञांच्या ओळीपुढे "रात्री किती वेळात?" असा प्रश्न आणि उत्तरासाठी मोकळी जागा. खोलीचं भाडं, बालरोगतज्ज्ञांची फी आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर रोजचा खर्च, हे लेखी मागून घ्यायचं. आणि डॉक्टरांना दाखवायचा तो बत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला, म्हणजे हॉस्पिटल बदलायची वेळ आली तरी हातात दिवस उरतात.