कार्बन बाणाच्या टोकासाठी बोहनिंगचा ‘कूल-फ्लेक्स’ गोंद

बाणाचे पोलादी टोक कार्बनच्या नळीत बसवण्यासाठी धनुर्धारी सामान्यतः इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद), सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा ‘सुपरग्लू’) किंवा उष्णतेने वितळणारा गोंद वापरतात. त्यांपैकी शेवटच्या प्रकारातली, बोहनिंग कंपनीची आणि कमी तापमानाला मऊ होणारी ‘कूल-फ्लेक्स’ची कांडी मला सरावाच्या बाणांसाठी सर्वांत सोयीची वाटते. कार्बनचे तंतू रेझिनने (राळेसारख्या कृत्रिम पदार्थाने) बांधलेले असल्यामुळे जास्त उष्णतेने नळी कमकुवत होते, म्हणून टोक पक्कडीत धरून तेवढेच तापवावे, त्याच्या दांड्यावर गोंदाचा पातळ थर चढवावा आणि ते गोल फिरवत आत सरकवावे. त्याआधी नळी आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे टाळू नये, कारण कापताना उडालेली भुकटी आत राहिली तर कोणताही गोंद नीट धरत नाही आणि दोष उगाच गोंदाच्या माथी मारला जातो. पुढे टोकाचे वजन बदलायचे झाल्यास ते गरम पाण्यात धरून ओढता येते. इपॉक्सीत ही मुभा जवळजवळ नाही, तर साधे सायनोॲक्रिलेट आघाताने तडकू शकते. घट्ट फोमच्या लक्ष्यात मात्र घर्षणाने टोक तापते आणि असा कोणताही वितळणारा गोंद सैल होऊन ते लक्ष्यातच अडकू शकते. अशा लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्यांनी दोन भाग मिसळून लावायची इपॉक्सीच घ्यावी.