ॲस्पेनची एकरेणू जैवभौतिकी परिषद : जाण्याजोगी आहे का?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेन सेंटर फॉर फिजिक्समध्ये हिवाळ्यात भरणाऱ्या एकरेणू जैवभौतिकी (पेशीतल्या रेणूंचा एकेक करून भौतिकीच्या पद्धतींनी अभ्यास) या विषयाच्या परिषदेला जावे की नाही, असे पीएचडी करणारे विद्यार्थी अनेकदा विचारतात. निवड झाली आणि प्रवासखर्चाची सोय लागली, तर अवश्य जावे, असे माझे मत आहे. मोठ्या परिषदांत निष्कर्ष ऐकायला मिळतात. येथे तो निष्कर्ष ज्या मोजमापावर उभा असतो, त्याचीच कसून तपासणी होते, आणि या विषयाचा जीव त्या मोजमापातच आहे.

मुळात जे मोजायचे, ते विलक्षण सूक्ष्म असते. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून माल वाहणारे कायनेसिन हे प्रथिन एका पावलात 8 नॅनोमीटर सरकते आणि साधारण 5 ते 7 पिकोन्यूटन (न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन) बलाने मागे ओढले की अडते. डीएनएवरून पुढे जात त्यातली माहिती आरएनएत उतरवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या प्रथिनाचे पाऊल तर एका बेसजोडीएवढे, म्हणजे डीएनएच्या शिडीतल्या एका पायरीएवढे, जेमतेम 0.34 नॅनोमीटरचे. ते पाऊल 2005 साली स्टॅनफर्डच्या गटाने प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा मोजमापासाठी वापरलेल्या लेझरच्या मार्गात हवेऐवजी हेलियम भरावा लागला होता. हवेच्या हालचालीने किरण इतका थरथरे की त्यात ते पाऊल हरवून जाई. अशा गोष्टी शोधनिबंधात दोन ओळींत उरकल्या जातात, पण येथे त्यांवर मनसोक्त चर्चा होते. एका पोस्टरपाशी मी बराच वेळ उभा होतो. रेणूच्या पावलांचा सुबक, पायऱ्यापायऱ्यांचा आलेख लावला होता, आणि एका ज्येष्ठ संशोधकांनी त्या विद्यार्थिनीला सर्वांत आधी विचारले ते फिल्टर लावण्यापूर्वीचा सिग्नल कसा दिसतो, हे. तिने लॅपटॉप उघडला, आणि पायऱ्या ओळखणारा प्रोग्राम नुसत्या गोंगाटातही, म्हणजे सिग्नलमधल्या निरर्थक चढउतारांतही, खोट्या पायऱ्या शोधतो का, यावर दोघांचे बोलणे रंगले. विद्यार्थ्याला याहून चांगले परीक्षण क्वचितच लाभते.

हे जमते ते परिषदेच्या बेताच्या आकारामुळे. सगळे एकाच सभागृहात बसतात, समांतर सत्रे नसतात, त्यामुळे सिद्धान्त मांडणाऱ्यांना प्रयोग आणि प्रयोग करणाऱ्यांना सिद्धान्त ऐकावाच लागतो. व्याख्याने सकाळी आणि संध्याकाळी होतात. मधला वेळ बहुतेक जण बर्फावर स्कीइंगला जातात. हा वेळ वाया जातो असे कोणाला वाटेल, पण जे मागे थांबतात त्यांच्या गप्पांतून बरेच काही हाती लागते.

आर्थर ॲश्किन यांचे 1986 मधले प्रकाशीय चिमटे (लेझरच्या झोताने सूक्ष्म कण पकडून ठेवणारे साधन) आणि डब्ल्यू. ई. मर्नर यांनी 1989 मध्ये टिपलेला एकटा रेणू, या दोन्ही कामांना पुढे नोबेल मिळाले, आणि आज त्याच पद्धती सजीव पेशीत नेण्याची धडपड चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रूप मल्लिक यांच्या गटाने 2013 साली, पेशीत डायनीन या, कायनेसिनसारख्याच माल वाहणाऱ्या प्रथिनाचे अनेक रेणू एकत्र येऊन भार कसा वाटून घेतात, हे प्रकाशीय चिमट्यांनीच दाखवले होते. आपल्याकडे असे काम होत असताना ॲस्पेनच्या या परिषदेत भारतातल्या प्रयोगशाळांची उपस्थिती वाढायला हवी, असे मनापासून वाटते.

अडचणीही सांगायला हव्यात. ऐन स्कीइंगच्या हंगामात ॲस्पेनमधले राहणे अतिशय महाग पडते. डेन्व्हरहून मोटारीने चारेक तास लागतात आणि बर्फ पडल्यास त्याहून जास्त. गाव सुमारे 2,400 मीटर उंचीवर असल्याने पहिला दिवस धाप लागण्यात आणि डोकेदुखीत जाऊ शकतो, म्हणून शक्य तर एक दिवस आधी पोहोचावे. विषय नव्याने शिकणाऱ्यांसाठी ही परिषद नाही. ऊष्मीय गोंगाट (उष्णतेमुळे रेणूंची होणारी थरथर), बल-विस्तार आलेख (किती बलाने रेणू किती ताणला जातो, हे दाखवणारा) आणि फ्रेट (दोन चमकत्या रंगरेणूंमधल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीवरून अंतर मोजण्याची पद्धत) यांची ओळख गृहीत धरलेली असते. पोस्टर मात्र प्रत्येकाने न्यावे, आणि सोबत फिल्टर न लावलेली मूळ नोंदही ठेवावी, कारण तिची विचारणा हमखास होते.